पारदर्शक मयूर

रुपेश जामच्या चौकातलं आपलं मोबाईलचं दुकान बंद करून आला, गाडी अंगणात लावली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्यावर टॉवेलची एक गुंडाळी ठेवली.

"वहिनी, हे पाहा जरा. घाई नाई, पोळ्या होऊ द्या."

लीनानं हात पुसून टॉवेल उघडला. आत मुठीत मावेल एवढा जुना व्हिडीओ गेम होता. वरच्या बाजूला बारका करडा पडदा, खाली बटणं. नव्वद सालानंतर बस स्टँडवर, जत्रेत, खेळण्यांच्या दुकानात मिळायचा तो, ज्यात वरून विटा पडतात आणि आपण त्या रचत बसतो. पडद्याखाली मोराचं चित्र आणि 'मयूर' हे नाव होतं. एवढं ओळखीचं. पण मयूर लाल असायचा, निळा असायचा, फार तर करडा. हा काचेसारखा होता. आतला हिरवा बोर्ड, स्पीकरची चकती, बॅटरीकडे जाणाऱ्या तारा, सगळं बाहेरून दिसत होतं.

"कुठं भेटला?" तिनं विचारलं.

"हैदराबादकडचा एक ट्रकवाला देऊन गेला. जुन्या सामानात होता म्हणे." रुपेश फ्रिजमधून पाण्याची बाटली काढत म्हणाला. "दादाच्या लिस्टमधी हाच राह्यलता ना?"

हाच राहिला होता. रुपेशला ते माहीत होतं, कारण त्याचा मोठा भाऊ अनुप जिवंत असताना जेवायला बसल्या बसल्या याच गोष्टी सांगायचा. अनुप थूलचं हिंगणघाटात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. भंगारातून, बंद पडलेल्या दुकानांतून तो हे हातातले गेम गोळा करायचा. जगभरातल्या हौशी लोकांनी चालवलेली एक सूची इंटरनेटवर आहे. कोणता गेम कोणत्या साली आला, कोणत्या रंगात आला, बटणांवर इंग्रजी होतं की हिंदी, मागचं लेबल कधी बदललं, हे सगळं त्यात फोटोसकट नोंदलेलं असतं. संग्रह करणारे लोक खरेदीआधी ती सूची उघडून बघतात. तिच्यातली भारतात निघालेल्या खेळांची पानं अनुपनं भरायला घेतली. त्याचं इंग्रजी कच्चं, म्हणून लिहायचं काम लीनाकडे आलं. ती बी.ए. झालेली होती. आधी नुसतं लिहायची, मग पेचकस हातात धरायला शिकली, आणि काही वर्षांत अनुपपेक्षा तिलाच बारकावे जास्त दिसू लागले.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत अनुप गेला. दुकान भाड्याचं होतं, घरही भाड्याचं. रुपेश तेराव्याची वाट न पाहता टेम्पो घेऊन आला आणि लीनाला, तिच्या मुलीला, जागृतीला, आणि गेमच्या पेट्यांना आपल्या घरी घेऊन गेला. वरची खोली त्यांना दिली. "दादाची बायको भाड्याच्या खोलीत राहीन तर मी कोणत्या तोंडानं फिरू," असं तो म्हणाला होता, आणि ते मनापासून म्हणाला होता.

तेव्हापासून लीना त्या घरात होती. रुपेशची बायको नंदिनी समुद्रपूरकडच्या एका शाळेत शिक्षिका होती, सकाळी निघून संध्याकाळी यायची. म्हणून स्वयंपाक, नंदिनीच्या लहान मुलीचं खाणंपिणं, धुणं, भाजी, दूधवाला, गॅसवाला, सगळं लीनाकडे आलं. कुणी तिला कर म्हटलं नव्हतं. एकदा गावातल्या एका कापड दुकानात हिशेबाचं काम मिळत होतं. तिनं विचारल्यावर रुपेशला वाईटच वाटलं. "काऊन वहिनी, इथं काही कमी पडून राह्यलं का? सांगा ना तसं." काही कमी पडत नव्हतं. मग तिनं तो विषय सोडून दिला.

दुपारी नंदिनीची मुलगी झोपली की लीना वर जाऊन अनुपचा लॅपटॉप उघडायची. सूचीच्या लोकांनी अनुपनंतर तिला भारताच्या पानांची संपादक केलं होतं. पगार नव्हता, पण ती हो म्हणेपर्यंत भारतातली एकही नोंद पक्की होत नसे. ब्राझीलचा, जपानचा, पोलंडचा माणूस तिला नम्रपणे विचारायचा, हे लेबल खरं वाटतं का. ती सांगायची, आणि तिनं सांगितलं की वाद संपायचा. घरात कोणत्या डाळीला फोडणी द्यायची हेसुद्धा नंदिनीला विचारून ठरत होतं.

मयूरच्या पानावर अनुपच्याच काळापासून एक ओळ अपुरी होती. कंपनी केव्हाच बंद पडलेली. तिच्या एका जुन्या जाहिरातीत रंगांच्या यादीत 'पारदर्शक' असा शब्द छापलेला होता, पण तसा मयूर कुणाच्या हाती लागला नव्हता. अनुपनं त्या ओळीपुढं लिहायला लावलं होतं, 'ऐकिवात आहे, पाहिलेला नाही.'

जेवणं झाल्यावर लीना तो गेम वर घेऊन गेली. जागृती अभ्यास करत होती. तिनं आईच्या हातातलं पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

"हा तोच का, बाबा म्हणायचे तो?"

"पाहू दे," लीना म्हणाली.

सूचीचा एक नियम होता. वस्तू हातात घेऊन, उघडून, आतून फोटो काढल्याशिवाय नोंद नाही. लीनानं मागचे स्क्रू काढले. पहिला स्क्रू सुटला तेव्हाच तिच्या मनात शंका आली, कारण तो फार सहज फिरला. इतक्या वर्षांचा स्क्रू असा फिरत नाही. तिनं बॉडीचे दोन भाग वेगळे केले, बोर्ड उचलला आणि खिडकीजवळच्या दिव्याखाली धरला. बोर्ड मयूरचाच होता, अस्सल. पण पडद्याच्या चौकटीखाली झाकली जाणारी त्याची एक कड कानशीनं घासलेली होती. बॉडीत बसावा म्हणून. आणि मागच्या लेबलाआड बॉडीला आतून एक गोल डाग होता, जिथं स्क्रूचा खांब मुळापासून कापून टाकला होता. मयूरला तीनच खांब असतात. चौथा खांब असलेली पारदर्शक बॉडी तिनं पाहिलेली होती, एका अगदी स्वस्त, बिननावाच्या चिनी खेळाची. ती आजही मिळते. सवयीनं तिनं त्या कडेचा आणि डागाचा फोटो काढून ठेवला.

काम मात्र सुबक होतं. असं काम करू शकणारा एकच हात तिला माहीत होता, आणि तो आता खाली टीव्हीचा रिमोट धरून होता. अनुपच्या दुकानात सोल्डरिंग शिकलेला हात.

"खरा आहे का?" जागृतीनं विचारलं.

"झोप आता," लीना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी शाळेत गेल्यावर तिनं रुपेशला चहा दिला आणि समोर उभी राहिली.

"भाऊजी, तो चिनी गेमच्या बॉडीत बसवला आहे."

रुपेशनं बशीत चहा ओतला. नाकारायला त्यानं तोंड उघडलं असावं, पण मग तिच्याकडे पाहिलं आणि बशी खाली ठेवली.

"तुमाले दिसन हे माहीत होतं मले," तो म्हणाला. "बाकी कोनाले दिसन का?"

"उघडलं तर दिसेल."

"नाई उघडत कोनी. तुमी उघडला म्हटलं की कोनी उघडत नाई." त्यानं बशी परत उचलली. "दुकान पाहूनच राह्यल्या तुमी. पहिले गाड्या थांबत होत्या, चार्जर घे, कव्हर घे. आता उड्डाणपुलावरून जातात. लोक मोबाईलवरच मागवतात सगळं. मी तुमाले कधी बोललो नाई हे."

"मग मला का सांगता आता?"

"कारण जागृतीचं नाव लागलं ना नर्सिंगले. होस्टेल पाहा लागन, पुस्तकं, ड्रेस. मी करीन, कसं बी करीन. पण हा चांगल्या भावानं विकल्या गेला तर मले सोपं जाईन. एक ओळच तर लिहाची हाये वहिनी. दादाचीच ओळ. जाहिरातीत होता म्हणजे कुठं तरी असनच ना तो."

तो आवाज चढवून बोलत नव्हता. उलट त्याला ओशाळं वाटत होतं, आणि तेच लीनाला जड गेलं. त्यानं धमकी दिली असती तर तिला नाही म्हणता आलं असतं. त्यानं चहा संपवला, कप स्वतः धुऊन ठेवला, जे तो कधी करत नसे, आणि दुकानात गेला.

पुढचे दिवस घरात कुणी त्या गेमचा विषय काढला नाही. तो वरच्या खोलीत खिडकीच्या फळीवर पडून होता. जागृतीच्या प्रवेशाची कागदपत्रं जमवायची होती. रुपेश तिला घेऊन तहसीलला गेला, दाखल्यासाठी उन्हात रांगेत उभा राहिला, परत येताना तिच्यासाठी नवी बॅग घेऊन आला. नंदिनीनं आपल्या दोन चांगल्या चादरी होस्टेलसाठी काढून दिल्या. रोज संध्याकाळी रुपेश घरी आला की लीनाकडे एकदा बघायचा. विचारायचा नाही. ती भाजी वाढायची आणि मान खाली घालून आत जायची. तिला वाटायचं, आपण ज्या पोळ्या लाटतो त्यासुद्धा याच्याच पिठाच्या, आणि वर जाऊन ज्या इंटरनेटवर आपण जगाला खरंखोटं सांगतो त्याचं बिलही हाच भरतो.

जागृती होस्टेलला गेली त्याच्या दुसऱ्या दुपारी लीनानं नव्यानं फोटो काढले. बोर्डाची कड पडद्याच्या चौकटीआड राहील असा कोन धरला. लेबल नीट बसवून घेतलं. मग अनुपची ओळ पुसली आणि तिथं लिहिलं, 'पारदर्शक. पाहिला, उघडला, पडताळला.'

संध्याकाळपर्यंत निरोपांचा पाऊस पडला. पोलंडच्या माणसानं लिहिलं की भारताच्या पानावरची इतक्या वर्षांची शंका संपली. एकानं अनुपची आठवण काढली, तो असता तर किती आनंदला असता म्हणून. लीनानं लॅपटॉप मिटला आणि खाली येऊन कांदा चिरायला घेतला. रुपेश आल्यावर ती एवढंच म्हणाली, "झालं ते." तो हो म्हणाला. त्यानं गेम इंटरनेटवर विकायला टाकला आणि आठवड्याच्या आत तो गेला. कुणी घेतला हे तिनं विचारलं नाही.

ते तिला त्यानंतरच्या रविवारी कळलं. सकाळी फाटकाशी एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले. पांढरा शर्ट, पायात चपला, खांद्याला कापडी पिशवी.

"लीनाताई थूल इथंच राहतात का? मी हरिभाऊ. सेलूचा."

लीना दारातच थांबली. हरिभाऊंना ती कधी भेटली नव्हती, पण सूचीवरची त्यांची पत्रं तिला पाठ होती. ते पंचायत समितीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीच्या काळात सेलू-नागपूर बसमध्ये रोज मयूर खेळत जायचे, बायको हसायची, सहप्रवासी हसायचे. त्यांनी पुढं त्या खेळाचा सगळा संग्रहच केला. सूचीवर ते मोजकं आणि नेमकं लिहीत. तिची एक चूक त्यांनी दाखवून दिली होती आणि त्यांची एक तिनं.

"या ना," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

रुपेश हॉलमध्ये बसलेला होता. तो उठला, खुर्ची सरकवली. हरिभाऊंनी पिशवीतून एक डबा काढला, डब्यातून मऊ कापड, कापडातून तो पारदर्शक मयूर, आणि तो टीपॉयवर ठेवला.

"तुमच्याच घरून आलता हे मले नंतर कळलं," ते रुपेशला म्हणाले. "पार्सलवर जामचं दुकान, नाव थूल. म्हटलं, जाऊन भेटून येऊ. फोनवर बोलणं बरं दिसत नाई."

"काही अडचण आहे का?" रुपेशनं विचारलं. त्याचा आवाज कोरडा होता.

"अडचण कायची? मी आभार मानाले आलो." हरिभाऊ लीनाकडे वळले. "ताई, मी एरवी असा महाग माल घेत नाई. मुलगा म्हणते बाबा, आता पुरे. पण तुमची नोंद पाह्यली. तुमी उघडला म्हटल्यावर मी उघडला बी नाई. जसा आला तसा ठेवला. आता सगळे रंग झाले माझ्याकडे."

लीनाच्या हातात चहाचा ट्रे होता. तो तिनं ठेवला. सांगायचं असेल तर आत्ताच, असं तिच्या मनात आलं. रुपेश तिच्याकडे पाहत नव्हता. तो खिडकीतून आपल्या गाडीकडे पाहत होता. आतून नंदिनी पोह्यांच्या बशा घेऊन आली, तिच्या लहान मुलीनं गेम उचलायला हात घातला आणि हरिभाऊंनी हसून तो तिच्या हातात दिला.

"साखर बरोबर आहे का?" लीना म्हणाली.

"बरोबर," हरिभाऊ म्हणाले.

ते तासभर बसले. नागपुरात जुन्या खेळण्यांचं एक छोटं प्रदर्शन भरणार होतं, तिथं ते हा मयूर मांडणार होते. एका मासिकानं त्यांना चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या. त्यात त्यांना अनुपचं नाव घालायचं होतं. अनुपचं पूर्ण नाव कसं लिहायचं ते त्यांनी लीनाला विचारून घेतलं. निघताना त्यांनी तिला नमस्कार केला. ती वयानं त्यांच्या मुलीएवढी होती.

ते गेले. नंदिनीला काही माहीत नव्हतं, ती म्हणाली, "किती भला माणूस." रुपेश गाडी काढून निघून गेला.

त्यानंतर लीनाचं दुपारचं वर जाणं थांबलं. ती पायरीपर्यंत जायची आणि परत यायची. सूचीवर कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायची नाही. खरंखोटं सांगायची हिंमतच राहिली नव्हती. खाली काम संपलं की ती नंदिनीच्या मुलीशेजारी पंख्याखाली पडून राहायची आणि तिला वाटायचं, आपल्याला या घरात सगळं मिळालं, फक्त जायला जागा मिळाली नाही. वर एक जागा होती. तीही आपणच देऊन टाकली.

जागृती सुट्टीला आली तेव्हा तिला आईचं बोलणं कमी झालेलं जाणवलं. लॅपटॉपवर धूळ होती. तिनं विचारलं, आणि लीनानं कपड्यांच्या घड्या घालता घालता सगळं सांगितलं. जागृतीनं ओढणीनं लॅपटॉपवरची धूळ पुसली.

"माझ्यासाठी केलं असं मला सांगू नको," ती म्हणाली. "मी नाई सांगितलतं."

"तुझ्यासाठी असं मी म्हटलं नाही."

"मग बाबाचं नाव त्या मासिकात येईन, ते चालन तुले?"

लीनानं घडी अर्धी सोडली. मुलीचा तिला रागही आला. होस्टेलला जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि प्रश्न विचारायला सोपे झाले. पण त्याच दुपारी, रुपेश जेवायला घरी आलेला असताना, तिनं त्याला वाढलं आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"भाऊजी, मी ते लिहिणार आहे. खोटा आहे म्हणून."

रुपेशनं घास हातातच ठेवला. "आणि मी?"

"तुमचं नाव घालत नाही. मी तपासला आणि मी खोटं लिहिलं, एवढंच लिहीन. हरिभाऊंचे पैसे तेवढे परत करा."

"ते खर्चाले लागले कवाचे." त्यानं ताट बाजूला सरकवलं. "वहिनी, मी काय तुमच्या डोक्यावर बंदूक ठेवलती? लिहिलं तुमीच."

"हो. मीच लिहिलं."

"मंग आता काऊन?"

ती म्हणाली, "तो म्हातारा उघडलासुद्धा नाही म्हणाला."

रुपेश उठून हात धुवायला गेला. बेसिनशी पाठमोरा उभा राहून म्हणाला, "लिहा. मी अडवून राह्यलो नाई. पण मले विचारून नका लिहू. म्हणजे मी हो म्हटलं असं होईन."

लीना वर गेली. कानशीनं घासलेली कड, कापलेला खांब, मुद्दाम धरलेला कोन, सगळं लिहिलं. खरे फोटो तिनं पहिल्याच दिवशी काढून ठेवले होते, ते लावले. मग हरिभाऊंना वेगळं लिहिलं. माफी मागायचे शब्द तिनं दोनदा खोडले, कारण इंग्रजीत ते सोपे वाटत होते. शेवटी मराठीतच लिहिलं.

जे व्हायचं ते झालं. सूचीच्या लोकांनी तिचं संपादकपद काढून घेतलं. त्यात तिला अन्याय वाटला नाही. पण पुढं त्यांनी ठरवलं की तिनं पक्की केलेली भारतातली प्रत्येक नोंद शंकास्पद समजावी. एका रात्रीत नाही, पण हळूहळू मयूरच्या, आणि इतर सगळ्या पानांवर एकेक पिवळी पट्टी आली, 'पुन्हा पडताळणी आवश्यक'. ज्या नोंदी अनुपनं उन्हातान्हात भंगारवाल्यांकडे फिरून जमवल्या होत्या, त्यांच्यावरही. पोलंडच्या माणसानं तिला वैयक्तिक निरोप पाठवला नाही. कुणीतरी उघडपणे लिहिलं की बहुतेक सगळंच बनावट असेल. ती वाचत राहिली. उत्तर द्यायचा अधिकार तिला होता, पण तिच्या उत्तराला आता काही वजन नव्हतं.

घरात तिला वाटलं होतं की भांडण होईल. झालं नाही. रुपेशनं आपली दुसरी गाडी, दुकानासाठी सामान आणायची, ती विकली. हरिभाऊंचे पैसे पाठवले, गेम परत आला, तो त्यानं माळ्यावर टाकला. जागृतीच्या होस्टेलचा पुढचा हप्ताही भरला. लीना त्याला म्हणाली की नका भरू, ती काहीतरी बघेल. तेव्हा त्यानं तिच्याकडे थकल्यासारखं पाहिलं.

"जागृतीनं काय केलं त्यात? माझ्या भावाची पोरगी हाये ते."

त्यानं रागावून घराबाहेर काढलं असतं तर ती गेली असती, कुठंही. आता तेही राहिलं नाही. नंदिनीला एव्हाना सगळं कळलं होतं. तिनं लीनाला काही विचारलं नाही, फक्त सकाळी निघताना भाजी कोणती करायची हे सांगणं बंद केलं. लीनानं एक दिवस मेथी केली, एक दिवस वांगी. कुणी बरं-वाईट म्हटलं नाही.

हरिभाऊंचं उत्तर बऱ्याच उशिरा आलं. ते प्रदर्शनात गेले नव्हते. मासिकालाही त्यांनी नकार कळवला होता. पुढं लिहिलं होतं, 'आता मला माझ्याकडच्या कोणत्याच खेळावर भरवसा वाटत नाही. त्यातले बरेच मी तुमच्या नोंदी बघून घेतले आहेत. माझे डोळे अधू, हात थरथरतो. तुम्ही या आणि माझ्यासमोर सगळे उघडा.'

त्यात क्षमा केल्याचा शब्द नव्हता. लीनानं ते पुन्हा पुन्हा वाचलं, तसा शब्द सापडतो का बघायला.

शनिवारी नंदिनीची अर्धा दिवस शाळा असे. शुक्रवारी संध्याकाळी लीना रुपेशला म्हणाली, "उद्या मी सेलूला जाते आहे. हरिभाऊंकडे." विचारायचं म्हणून तिनं तोंड उघडलं होतं, पण वाक्य तसं निघालं नाही. रुपेश मोबाईलवर काहीतरी बघत होता. त्यानं मान वर केली, परत खाली घातली.

वर्ध्याला बस बदलून ती सेलूला पोचली. हरिभाऊंचं घर बाजारापासून आत होतं. त्यांनी टेबलावर पांढरी चादर पसरून ठेवली होती, तिच्यावर मयूर ओळीनं लावलेले. लाल, निळे, करडे. पाणी दिलं, चहा विचारला, मग समोरची खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसला. ते तिला एकटीला सोडून उठले नाहीत. ती पेचकस लावायची तेव्हा त्यांची नजर तिच्या बोटांवर असायची. अनोळखी सोनाराकडे बसावं तसे ते बसले होते. तिनं काम थांबवलं नाही.

"मोठ्यानं सांगा," हरिभाऊ म्हणाले. "जे दिसते ते. मी लिहितो."

"लाल. स्क्रू जुने, एकावर गंज. खांब तीन. बोर्डाची कड साबूत." ती थांबली. "बटणाखालचं रबर बदललेलं आहे. हे नवं आहे."

"ते मीच बदलवलं," ते म्हणाले. "मागच्या साली."

"तर ते लिहा."

त्यांनी लिहिलं. पुढच्या निळ्या मयूरचं लेबल दुसऱ्याच खेळाचं निघालं. ती नोंद तिनंच कधीतरी पक्की केली होती, आणि ती चूक होती, साधी चूक, कुणाला फसवायची नव्हती. तिनं तेही मोठ्यानं सांगितलं. हरिभाऊंनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं. दुपारपर्यंत टेबलाचा एक कोपरा झाला. हे सगळं हरिभाऊ सूचीवर सामान्य सभासद म्हणून पाठवणार होते, तिचे फोटो आणि त्यांची सही. ती पडताळणी मान्य होईल की नाही हे कुणा दुसऱ्या देशातला माणूस ठरवणार होता.

निघताना ते फाटकापर्यंत आले. "बाकीचे राह्यले," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी येता का?"

"येते."

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. नंदिनीनं कणीक भिजवून झाकून ठेवली होती, पोळ्या केल्या नव्हत्या. लीनानं साडीचा पदर खोचला, हात धुतले आणि पोळपाट घेतला. रुपेश पाणी प्यायला आत आला आणि दाराशी थोडा रेंगाळला.

"झालं का काम?"

"थोडं झालं. पुढच्या शनिवारी परत जाईन."

त्यानं पेला धुऊन पालथा घातला. "जाजा," तो म्हणाला. "गाडीनं सोडून देईन स्टँडवर, सकाळी."

"नको. मी जाईन चालत," लीना म्हणाली, आणि तवा तापला का ते पाहू लागली.